पक्क्या रंगाची झोळी

हट्टा गावात कोणाच्या घरी लेकरू जन्मलं की पहिला निरोप जायचा मंजुळाबाईकडं. बाळंतीण अजून दवाखान्यातच असायची आणि इकडं घरातली कोणी आजी नाहीतर चुलती मंजुळाबाईच्या दारात येऊन उभी राहायची. "माय, झोळी पायजे." मंजुळाबाई तिला लगेच आत बोलवायची नाही. हाताला काम नसलं तरी उगाच घंगाळ घासायला घ्यायची, घासलेलं पुन्हा घासायची, आणि ती बाई उंबऱ्याबाहेर ताटकळत राहायची. ही खोड सगळ्या गावाला ठाऊक होती आणि सगळे ती सोसत होते, कारण झोळी रंगवावी तर मंजुळाबाईनंच.

झोळी म्हणजे तसं काय, लांबरुंद सुती कापड. आढ्याच्या कडीला बांधलं की पाळणा, आणि पाठीशी गाठ मारली की आई लेकराला घेऊन हळदीच्या रानात निंदायला मोकळी. मंजुळाबाई कुंच्या शिवायची, गोधड्या शिवायची, पण त्या काय, कोणीही शिवतं. झोळीचा तो पिवळा रंग आणि काठाचा लाल पट्टा मात्र तिच्याशिवाय कोणाला जमत नव्हता. हळदीचा मुलूख, त्यामुळं लोकांना वाटायचं की तो पिवळा हळदीचाच. मंजुळाबाई त्यांना तसं वाटू द्यायची. खरं तर रंगवणाऱ्याला हळदीइतका दगा दुसरं कोणी देत नाही. दिसते देखणी, पण उन्हात उडते, पाण्यात सुटते आणि सोडा लागला की लालभडक होते. मंजुळाबाईचा पिवळा डाळिंबाच्या सालींचा होता. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत, मग सालींच्या काढ्यात मंद आचेवर. हा रंग हळदीसारखा चमकत नाही, जरा मातकट दिसतो, पण एकदा बसला की कापड फाटेल, रंग जायचा नाही.

ज्या हातानं झोळी रंगवली त्याच हातानं ती बारशाला बांधायची, अशी त्या गावची रीत. बांधण्याआधी रंगवणारीनं झोळीचा एक कोपरा स्वतःच्या तोंडात धरायचा. लेकरू पुढं तोच कोपरा चोखणार, म्हणून त्यावर लाल दोऱ्याची खूण घातलेली असायची. चांगला चोखून झाला की जीभ बाहेर काढून सगळ्या बायकांना दाखवायची. जिभेला रंग नाही, म्हणजे झोळी पक्की. मग पहिली गाठ. मग रिकामी झोळी हलवू नये म्हणून आधी वरवंटा निजवायचा, त्याला चार झोके द्यायचे, आणि त्यानंतर लेकरू. तोवर सख्ख्या आजीनंसुद्धा झोळीला हात लावायचा नाही. त्या तेवढ्या वेळापुरती मंजुळाबाई गावातल्या सगळ्या बायकांच्या वर असायची. एरवी ती कोण होती? व्यंकटरावांची बायको. आणि व्यंकटरावांनी उभ्या जन्मात तिला भाजीत मीठ किती एवढं सोडून दुसरं काही विचारलं नव्हतं.

रंग तिला सासूनं शिकवला होता, आणि तो मारूनच शिकवला होता. काढा हातानं ढवळायला लावायचा, चटका बसून हात मागं घेतला की पळी मनगटावर. कोपरा चाखून जिभेला रंग दिसला की त्या दिवशी भाकरी बंद. सासू मेली तेव्हा मंजुळाबाई रडली नाही. तिनं पहिलं काय केलं असेल तर सासूचं घंगाळ ओढून आपल्या चुलीवर ठेवलं. एवढं सोसलेल्या बाईनं सुनेला तरी जपावं की नाही? पण नाही. आपण सोसलं ते दुसरीला फुकट का मिळावं, हाच तिचा हिशेब होता.

सून पुनम. मुलाची, विश्वंभरची बायको, कनेरगाव नाक्याकडची. मंजुळाबाईनं तिला मारलं नाही, कारण आता तसं चालत नाही, पण शिकवलंही काही नाही. पाणी आण, साली वाळव, कापड धू, आणि तुरटी टाकायची वेळ आली की, "जा, कोंबड्या बघून ये." पुनम जायची आणि भिंतीच्या फटीतून बघायची. एकदा मंजुळाबाई तापानं पडली आणि बारसं तोंडावर आलेलं. पुनमनं एकटीनं झोळी रंगवली. मंजुळाबाईनं अंथरुणातूनच तो कोपरा तोंडात धरला, बराच वेळ चोखला, आरसा मागवून जीभ बघितली. जीभ स्वच्छ होती. रंग तर तिच्या स्वतःच्या हातापेक्षा एकसारखा बसला होता, कुठं ढग नाही, डाग नाही.

"कच्चा हाय," मंजुळाबाई म्हणाली. "परत बुडव."

पुनमनं परत बुडवली. तिलाही कळत होतं की कच्चा नाही. बारशाला ती झोळी मंजुळाबाईनं आपल्याच हातची म्हणून बांधली.

असल्या गोष्टी झाकून राहत नाहीत. पुनमनं त्या झोळीचे फोटो मोबाईलवर लावले, बचत गटातल्या बायकांनी ते पुढं पाठवले, आणि "पुनमच्या हातची" असं लोक म्हणायला लागले. मंजुळाबाईनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण एका सकाळी मागल्या गल्लीतली शकुंतलाबाई दारात आली. तिच्या सुनेला, राणीला, फार वर्षांनी, नवससायास करून मुलगा झाला होता. मंजुळाबाईनं सवयीप्रमाणं घंगाळ घासायला घेतलं.

"तुमी बसा हो निवांत," शकुंतलाबाई म्हणाली, "मी पुनमला सांगायला आले. कुठं हाय ती?"

घासणारा हात थांबला. शकुंतलाबाई तिला ओलांडून आत गेली. पुनमनं रंगवायची म्हणजे बांधायचीही पुनमनंच. मंजुळाबाईनं बाकीच्या बायकांत मांडी घालून बसायचं, वाटाण्याच्या घुगऱ्या घ्यायच्या आणि घरी यायचं. हे तिच्या इतकं जिव्हारी लागलं की त्या दिवशी तिच्या घशाखाली घास उतरला नाही.

पुनमनं झोळी रंगवली आणि ती रंगवली झकासच. वाळत घातली, आणि दुपारी विश्वंभरबरोबर वसमतला तपासणीला गेली. तिला तेव्हा दिवस गेलेले होते, पाचवा लागला होता. घरात कोणी नव्हतं. मंजुळाबाईनं चूल पेटवली, घंगाळात पाणी ठेवलं, त्यात हळकुंडाची पूड सोडली आणि दोरीवरची झोळी काढली. लाल दोऱ्याचा कोपरा तिनं मुठीत घट्ट धरला, आणि तेवढा सोडून सगळी झोळी हळदीत बुडवली. कोपरा पाण्याला लागू दिला नाही, कारण बारशाला तो पुनमच्या तोंडात जाणार होता. माडीवर सावलीत वाळवून, घडी घालून, नारळ तांदळाबरोबर पिशवीत भरून ठेवली. पुनम आली तेव्हा म्हणाली, "तुझी झोळी मी बांधून ठेवलीय. आता उघडू नको, घडी मोडंल."

लंगोटाला काय होईल, सोडा लागला की काय होईल, हे तिला पुरतं ठाऊक होतं. रंग सुटेल, पोरीचं नाक कापलं जाईल, एवढंच होईल असं ती मनाशी म्हणत होती. लेकराचा, त्या राणीचा विचार तिच्या डोक्यात आलाच नसेल असं म्हणायची माझी तयारी नाही. आला असणार. तिनं तो बाजूला सारला.

बारशाला पुनमनं झोळी उलगडली आणि बायकांच्या तोंडून "अगं बाई!" असं निघालं. एवढा पिवळा त्यांनी कधी पाहिला नव्हता. पुनमनं एकदा कापडाकडं पाहिलं, एकदा सासूकडं. तिच्या मनात पाल चुकचुकली असणार. पण मांडवात लाईटच्या माळा होत्या, सगळ्या बायका वाखाणत होत्या, आणि पहिल्यांदाच तिला पाटावर बसवलं होतं. तिनं कोपरा तोंडात धरला, जीभ दाखवली. जीभ स्वच्छ. तिनं गाठ मारली.

पुढं फार दिवस गेले नाहीत. राणीनं लंगोट सोड्यात धुतले होते, पण बाळंतपणाच्या अंगानं ते नीट खळबळले नव्हते. लेकरानं झोळीत शू केली, लंगोट भिजला, आणि राणीनं त्याला उचललं तर खाली सगळं लाल. पाठ लाल, मांड्या लाल. तिनं हंबरडा फोडला. शकुंतलाबाई धावत आली आणि तिनं लेकराला हात लावायच्या आधी सुनेच्या थोबाडीत मारली. "काय केलंस गं माझ्या वंशाला? काय केलंस?" ओल्या बाळंतिणीला तिनं केसाला धरून भिंतीवर ढकललं. मग जीप, मग वसमतचा दवाखाना. तिथल्या नर्सनं लेकराला पुसलं, बोट चोळून पाहिलं आणि हसली. "आजी, हळद आहे ही. सोड्यानं लाल झाली. बाळ ठणठणीत आहे."

नर्स हसली, शकुंतलाबाई हसली नाही. ती जीपमधून उतरली ती थेट मंजुळाबाईच्या अंगणात आली आणि झोळी तिनं पुनमच्या तोंडावर फेकली. "पक्का रंग म्हणून हळद खपवती व्हय गं? आमचं लेकरू मेलं असं वाटलं आमाला!" गल्ली गोळा झाली होती. मंजुळाबाई याच घडीची वाट बघत होती. ती उंबऱ्यावर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

"मी सांगूनच राहिले होते. पोरीच्या हाताला रंग बसत न्हाई. झटपट व्हावं म्हणून हळदीत बुडवली असंल तिनं."

विश्वंभर तिथंच होता. त्यानं बायकोला एक शब्द विचारला नाही. "काहून केलंस असं? तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस," एवढं सगळ्यांदेखत म्हणून तो पाठ फिरवून निघून गेला. पुनमनं खाली पडलेली झोळी उचलली. पोटावर एक हात ठेवून ती बराच वेळ कापड उलटंपालटं करत राहिली. जागोजागी लाल चट्टे पडले होते, उरलेलं भडक पिवळं होतं. लाल दोऱ्याचा एक कोपरा तेवढा मूठभर जागेत जुना मातकट पिवळाच होता. तिनं झोळीची घडी घातली आणि ती आत गेली.

मंजुळाबाईनं त्या दिवशी पोटभर जेवण केलं.

मग ती वाट बघायला लागली. वरल्या आळीत एक बाई बाळंत झाली. मंजुळाबाईनं साली भिजत घातल्या, हिरडा कुटला, आता निरोप येईल म्हणून घंगाळही घासून ठेवलं. निरोप आला नाही. साली कुजल्या. मग दुसरीकडं मुलगी झाली, तिथूनही कोणी आलं नाही. शेवटी जन्मात कधी केलं नव्हतं ते तिनं केलं, आपणहून त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. घरातल्या बाईनं तिला उंबऱ्याबाहेरच ठेवलं. आत भांडी वाजत राहिली. बऱ्याच वेळानं बाई बाहेर आली.

"काकू, आमी पाळणा आणला वसमतहून. लोखंडी."

"अगं, ती झोळी पुनमनं केली होती. माझी न्हवती."

"व्हय, पर घर एकच की."

तिनं नेम धरला होता सुनेच्या हातावर, आणि गावानं नाव टाकलं ते घराचं. इतकी वर्षं तिनं बांधलेल्या झोळ्यांत वाढलेली पोरं आता बाप झाली होती, तीही म्हणायला लागली की या घरात आधीपासून हळदच खपवत असतील. ती कोणाकोणाला सांगणार की हळद नव्हती, साली होत्या? आणि झोळीत हळद कशी आली ते तरी कोणत्या तोंडानं सांगणार?

आता साऱ्या जगात एकच लेकरू उरलं होतं ज्याला ती झोळी बांधू शकली असती. ते पुनमच्या पोटात होतं. पुनम बाळंतपणाला माहेरी गेली आणि मंजुळाबाईनं झोळी करायला घेतली. कापड तिनं स्वतः निवडलं, पुन्हा पुन्हा धुतलं. लाल पट्ट्यासाठी मंजिष्ठा आणली, ती सासूनं शिकवली होती तशी हातानं ढवळली, बोटं भाजली तरी पळी घेतली नाही. कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं खूण घालताना तिला रडू आलं. चारही कोपरे तिनं चोखून पाहिले. असली झोळी तिच्या हातून कधी झाली नव्हती. नात झाल्याचं कळलं तेव्हा मुलगा का नाही म्हणून तिनं तोंड वाकडं केलं नाही, हे तिच्या बाबतीत नवलच. झोळीची पिशवी मांडीवर घेऊन ती हिंगोलीला आली, तिथून दुसऱ्या एसटीनं कनेरगाव नाक्याला. पिशवी तिनं वर फळीवर ठेवू दिली नाही.

पुनमनं तिचं सगळं नीट केलं. पाय धुवायला पाणी दिलं, पाटावर बसवलं. माहेरच्या बायका जमल्या होत्या. मंजुळाबाईनं झोळी उलगडली, कोपरा चोखला, जीभ बाहेर काढून सगळ्यांना दाखवली. किती दिवसांनी तिला अशी बायकांची तोंडं आपल्याकडं वळलेली दिसत होती. तेवढ्यात पुनम म्हणाली, "आणा आत्या, मी बी बघते," आणि तिनं तोच कोपरा तोंडात धरला. चोखता चोखता ती सासूच्या कानाशी वाकली.

"राणीच्या झोळीचा हाच कोपरा तेवढा कोरडा ऱ्हायला होता. तेवढा वाचवायचं त्या घरात तुमच्याबिगर कोणाला सुचणार, आत्या?"

मग सरळ होऊन तिनं जीभ दाखवली. "पक्का हाय रंग. बांधा तुमी."

मंजुळाबाईनं गाठ मारली, कारण न मारून काय सांगणार होती? तिनं कुंची घातलेला वरवंटा झोळीत निजवला. बायकांनी पाळणा म्हटला. तिनं झोके दिले आणि वरवंटा काढायला हात घातला, तर पुनमनं तिचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या. झाली तुमची झोळी भरून."

कोपऱ्यात फुगे लावलेला लोखंडी पाळणा होता. विश्वंभरनं तो कालच आणला होता. पुनमनं लेकराला उचललं आणि त्यात ठेवलं. सगळ्या बायका तिकडं सरकल्या, लेकराच्या आत्यानं कानात कुर्र केलं, सृष्टी असं नाव ठेवलं. मंजुळाबाई झोळीची दोरी धरून उभी होती आणि झोळीत दगड होता. एक म्हातारी तिला म्हणाली, "सोडा की आता, काहून हालवून राहिल्या?" तेव्हा तिला कळलं की ती अजून झोके देत होती.

पुनम परत आली ती झोळी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तिनं ती चौपदरी दुमडली, कडेनं गोधडीचा टाका घातला आणि उंबऱ्याशी पायपुसणं म्हणून टाकली. विश्वंभर चिखलाचे बूट त्यावर पुसायचा. व्यंकटराव पुसायचे. शकुंतलाबाई एकदा काही मागायला आली, तीही पाय पुसून आत आली. मंजुळाबाई ते ओलांडून जायची, गुडघे दुखत असताना पाय उंच उचलून. ती एक अक्षर बोलू शकत नव्हती. बोलली असती तर पुनमही बोलली असती. पुनम दर आठवड्याला ते पायपुसणं सोड्यात उकळून धुवायची, मुद्दाम सासूच्या समोर, आणि पाणी दाखवून म्हणायची, "बघा आत्या, अजून सुटत न्हाई." सुटत नव्हताच. पिवळा तसाच होता, लाल पट्टाही तसाच.

सृष्टी रांगायला लागली. एका दुपारी ती रांगत उंबऱ्याशी गेली, पायपुसण्यावर पालथी पडली आणि तिनं लाल दोऱ्याचा कोपरा धरून तोंडात घातला. दात शिवशिवत असावेत. ती डोळे मिटून चोखायला लागली. मंजुळाबाई भिंतीला टेकून बघत राहिली. लेकराला उचलायला हवं, कापड घाण आहे, हे तिला समजत होतं. पण ती उठली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती.

पुनम आतून बाहेर आली. "दिसून नाही राहिलं व्हय? साऱ्यांच्या पायाची घाण हाय ती! काढा तिच्या तोंडातून!"

मंजुळाबाई उठली, नातीजवळ बसली आणि तिच्या मुठीतून कोपरा सोडवायला लागली. लेकरू सोडेना. तिला एकेक बोट उलगडावं लागलं. सोडवला तसं लेकरू रडायला लागलं. मंजुळाबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं, हनुवटी धरून जीभ बघितली.

जीभ स्वच्छ होती.

"धुवा ते आता," पुनम लेकराला उचलून घेत म्हणाली, "आन परत तिथंच टाका."

मंजुळाबाईनं ते धुतलं आणि परत तिथंच टाकलं.